ताट घरी परत येणारे हवे

शाळांचे मेळावे, स्नेहसंमेलने आणि इफ्तार यांत साचणारा एकदाच वापरायच्या ताट-कपांचा कचरा कमी कसा करता येईल, याचा शिरूर-दौंडच्या अंगाने विचार

गेली काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आहे. शाळांसाठी हेच दिवस कार्यक्रमांचे. स्नेहसंमेलन नुकतेच झालेले असते किंवा तोंडावर आलेले असते. दहावी-बारावीचा निरोप समारंभ, माता-पालक मेळावा, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, हळदी-कुंकू हे सगळे याच दोन-तीन महिन्यांत उरकले जाते. त्यातच उर्दू शाळांत आणि मिश्र वस्तीतल्या काही मराठी शाळांतही एखाद्या संध्याकाळी रोजा इफ्तार ठेवला जातो. शिक्षक, पालक, नगरसेवक, पोलीस ठाण्यातले साहेब, शेजारच्या मंडळाचे कार्यकर्ते एका ओळीत बसतात आणि खजूर तोंडात टाकून गप्पा मारतात. असे प्रसंग गावाला हवे असतात.

पाहुणे गेल्यावर मात्र मैदानाच्या कोपऱ्यात एक ढीग उरतो. त्यात चंदेरी कागदी ताटे, द्रोण, चहाचे कप, पाण्याच्या छोट्या बाटल्या, लाकडी किंवा प्लास्टिकचे चमचे आणि या सगळ्याला चिकटलेले खरकटे असते. कार्यक्रम कोणत्या धर्माचा होता, शाळा कोणत्या माध्यमाची होती, हे या ढिगाकडे पाहून ओळखता येत नाही. सगळीकडचा ढीग सारखाच असतो.

हिशेब करून पाहू

तीनशे माणसांचे साधे जेवण धरू. माणशी एक ताट, दोन वाट्या, एक चमचा, पाण्याचे दोन पेले आणि शेवटी चहाचा एक कप, म्हणजे सात वस्तू. तीनशे माणसांच्या झाल्या २,१०० वस्तू. त्यांचा वापर होतो अर्धा तास, फार तर पाऊण तास. एखाद्या तालुक्यातल्या शंभर शाळांनी वर्षातून दोनदाच असे जेवण घातले, तरी आकडा ४ लाख २० हजारांवर जातो. लग्ने, वास्तुशांती, दहावे-तेरावे, जत्रा आणि सभा यात धरलेल्याच नाहीत.

शिरूर आणि दौंड शहरांत नगरपरिषदेची घंटागाडी येते. पण खरकट्याने माखलेले कागदी ताट तिच्यात गेले म्हणून प्रश्न सुटत नाही. ओल्यात टाकावे तर त्यावर प्लास्टिकचा थर, सुक्यात टाकावे तर त्यावर आमटी. भंगारवालाही ते घेत नाही. खेड्यातल्या शाळांचे तर आणखी अवघड. तिथे बऱ्याचदा शाळेमागचा खड्डा आणि काडेपेटी हीच व्यवस्था असते. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई किंवा वरच्या वर्गातली मुले तो ढीग पेटवतात आणि परिपाठाला उभ्या असलेल्या मुलांच्या नाकात तो काळा धूर जातो. जे पेटत नाही ते वाऱ्याने शेतात जाते, जनावरांच्या पोटात जाते किंवा पहिल्या पावसात ओढ्याला लागते. शिरूरची घोड आणि दौंडची भीमा या दोन्ही नद्यांचे पाणी शेवटी उजनीत जाऊन साचते. पुण्याची मुळा-मुठा काय काय घेऊन भीमेला मिळते, यावर दौंडकर वर्षानुवर्षे बोलत आले आहेत, आणि ते रास्तच आहे. पण नदीकाठच्या शाळेने टाकलेला कप काही पुण्याहून वाहत आलेला नसतो.

कायदा आहे, पळवाटही आहे

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून थर्माकोल आणि प्लास्टिकची एकदाच वापरायची ताटे, वाट्या, पेले, चमचे यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद ठेवली. केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झाली. त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर असलेली कागदी ताटे, कप आणि वाट्याही बंदीच्या यादीत घेतल्या. पुढे वर्षअखेरीस, प्रमाणपत्र असलेल्या आणि खरोखर कुजणाऱ्या मालाला सवलत मिळाली.

याखेरीज घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये असे सांगितले होते, की परवाना नसलेल्या जागेवर शंभरहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा जागेवरच वेगळा करावा. शाळेच्या मैदानावरच्या किती जेवणांच्या वेळी कुणी असे कळवले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

बंदीनंतर थर्माकोलची पांढरी ताटे बाजारातून बरीच कमी झाली, हे मान्य करायला हवे. पण त्यांची जागा चकचकीत कागदी ताटांनी घेतली आणि लोकांना वाटू लागले की कागद म्हणजे निर्धोक. ताट चंदेरी दिसते ते त्यावरच्या मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पातळ पदरामुळे. चहाचा कप गळत नाही, तोही आतल्या प्लास्टिकच्या अस्तरामुळेच. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये कागदी कपांची तपासणी केली. ८५ ते ९० अंश तापमानाचे १०० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटे अशा कपात ठेवले, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात, असे त्यांना आढळले. मेळाव्यात थर्मासमधून ओतलेला चहा गप्पांच्या नादात तेवढा वेळ कपात सहज राहतो. म्हणजे प्रश्न फक्त कचऱ्याचा राहत नाही, पिणाऱ्याच्या पोटाचाही होतो.

शाळेत रोज स्टील, कार्यक्रमाला कागद

गंमत अशी, की एकदाच वापरायच्या ताटाशिवाय सामुदायिक जेवण कसे करायचे, हे गावात सगळ्यांत चांगले कुणाला ठाऊक असेल तर ते शाळेलाच. शालेय पोषण आहाराची खिचडी किंवा वरण-भात मुले रोज कशात खातात? घरून आणलेल्या डब्यात किंवा शाळेच्या स्टीलच्या ताटात. जेवण झाले की मुले रांगेने नळावर जातात, ताट घासतात आणि पालथे घालून ठेवतात. दोन-दोनशे मुलांच्या शाळेत हे वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस बिनबोभाट चालते. अनेक शाळांत हात धुण्यासाठी एका ओळीत नळ बसवलेले आहेत. पण पाहुणे यायचे ठरले, की हीच शाळा बाजारात माणूस पाठवून कागदी ताटांचे गठ्ठे मागवते. मुलांसाठी स्टील आणि पाहुण्यांसाठी फेकायचा कागद, असा उलटा मान कसा रूढ झाला, हे विचारायलाच हवे.

याची कारणे आळसापुरती नाहीत. ती नीट समजून घेतल्याशिवाय नुसता उपदेश करण्यात अर्थ नाही.

पहिले कारण भांडी घासण्याचे. तीनशे ताटे घासणार कोण? आजवर बहुतेक ठिकाणी याचे उत्तर ठरलेले होते: स्वयंपाकाच्या मावशी, शिपाई किंवा गावातल्या विशिष्ट वस्तीतल्या बाया. दुसऱ्याचे उष्टे काढणे हे आपल्याकडे कधीच निव्वळ काम नव्हते. त्याला जात चिकटलेली होती, बाईपण चिकटलेले होते. फेकायच्या ताटाने ही अडचण दूर केली असे नाही, पण ती डोळ्यांआड केली. ज्या मावशींची कंबर पाचशे भांड्यांनी मोडायची, त्यांना कागदी ताट आले तेव्हा हायसेच वाटले असणार. म्हणून स्टीलकडे परत जायचे, तर घासण्याचे काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडता कामा नये, ही पहिली अट.

दुसरे कारण पाण्याचे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ-केंदूर पट्ट्यात उन्हाळा म्हणजे टँकर. तिथे वाहत्या नळाखाली ताटे धुण्याचा सल्ला देणे बरे नव्हे.

तिसरे कारण कुणी उघड बोलत नाही. मिश्र वस्तीत 'या ताटात आधी कोण जेवले, काय जेवले' हा प्रश्न काहींच्या मनात असतो. शाकाहारी घरातल्या आईला शाळेच्या ताटात कधी मटण वाढले होते का, याची शंका येते. मुस्लिम घरातल्या आजोबांना हलालची काळजी वाटते. नवे कोरे कागदी ताट समोर आले की कुणालाच काही विचारावे लागत नाही. या ताटाने बऱ्याच संकोचांवर पांघरूण घातले आहे. त्यात २०२० च्या करोनाने उष्ट्याची भीती आणखी वाढवली.

चौथे कारण वेळेचे, आणि इफ्तारला ते फार लागू पडते. सूर्यास्ताची अजान झाली की रोजा सोडायचा आणि काही मिनिटांतच मगरिबच्या नमाजासाठी उभे राहायचे. खजूर, फळे, भजी, शरबत हे सगळे आधीच मांडून ठेवलेले असावे लागते. नमाजानंतर पुन्हा जेवणाची पंगत असते. दोनदा वाढायचे म्हणजे दोनदा ताटे लागतात, आणि उरकण्याची घाई असतेच.

जुन्या रीतींत काय सापडते

या चारही अडचणींवर आपल्या लोकांनी पूर्वी काही ना काही तोड काढलेली होती. पळसाची पत्रावळ आणि द्रोण ही त्यातली सर्वांच्या ओळखीची. पळसाला पाने तीनच, ही म्हण ज्याने घडवली त्याने पत्रावळीही लावल्या असतील. वाळल्या पानांना बारीक काड्यांनी टाके घालून केलेली पत्रावळ जेवणानंतर उकिरड्यावर जायची आणि पावसाळ्यानंतर शेतात. तिला घासावे लागत नाही, तिच्यात आधी कुणी जेवलेले नसते आणि ती मातीत मिसळते. दौंड तालुक्यातल्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी यवत आणि वरवंडला मुक्कामाला असते. यवतचे पिठले-भाकरीचे जेवण तर वारकऱ्यांत प्रसिद्ध आहे. घराघरांतून भाकरी येते, पिठले मोठ्या कढयांत शिजते आणि अख्खे गाव यजमान होते. पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने वारीत पत्रावळीचा आग्रह धरला आणि वापरलेल्या पत्रावळी गोळा करून त्यांचे खत करण्याचा उपक्रम चालवला. लाखोंच्या वारीत जे करता येते, ते तीनशे पालकांच्या मेळाव्यात जमू नये असे नाही.

आता बाजारात सुपारीच्या झावळीची ताटे मिळतात, उसाच्या चिपाडाच्या लगद्याचीही मिळतात. भीमा पाटस आणि घोडगंगा ही नावे घराघरांत माहीत असलेल्या या ऊसपट्ट्यात चिपाडाचे ताट आपलेसे वाटणारच. घेताना एवढे पाहावे, की वर प्लास्टिकचा थर नाही आणि 'कुजणारे' हा दावा फक्त छापील नाही, त्याला प्रमाणपत्र आहे. मात्र अशी ताटेही एकदाच वापरायची असतात, विकत घ्यावी लागतात आणि ती नीट कुजण्यासाठी खताचा खड्डा लागतो. पिशवीत बांधून कचरा डेपोवर पाठवली, तर त्यांचाही ढीगच होतो.

दुसरी तोड म्हणजे गावकीची भांडी. देवळात, तालमीत किंवा मंडळाच्या खोलीत गावाची पातेली, ताटे, पराती ठेवलेल्या असत. मशिदीच्या जमातीकडे देग, तबके आणि जग असत, आजही असतात. लग्न असो की मयत, भांडी न्यायची, मोजून घ्यायची, घासून मोजून परत करायची. ताटाच्या मागे 'यांच्या स्मरणार्थ' म्हणून कुणाचे तरी नाव कोरलेले असे. वस्तू एकाची नाही, सगळ्यांची आहे, म्हणून ती जपायची, ही समज त्यामागे होती. मंडप-डेकोरेशनवाले आणि केटरर आले, तशी ही भांडी माळ्यावर गेली.

तिसरी तोड एकत्र जेवण्याची. दाऊदी बोहरा समाजात एका मोठ्या थाळाभोवती साधारण आठ जण बसतात आणि चिमूटभर मीठ चाखून जेवायला सुरुवात करतात. इतर मुस्लिम घरांतही इफ्तारला एक मोठे तबक मध्ये ठेवून चार-पाच जणांनी त्यातले खाण्याची रीत आहे. दोनशे रोजेदारांना पाच जणांमागे एक तबक दिले, तर चाळीस तबकांत काम होते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात किंवा कोणत्याही गुरुद्वाऱ्यात लंगर पाहावा. हजारोंची पंगत स्टीलच्या ताटात उठते आणि ताटे धुण्याच्या सेवेला मोटारीतून आलेला व्यापारीही बसतो. तिथे उष्टे काढण्याला प्रतिष्ठा मिळाली, म्हणून ताट टिकले.

महाराष्ट्राला ही प्रतिष्ठा अनोळखी नाही. गाडगेबाबा आपले गाडगे बरोबर घेऊन फिरत, त्यातच खात, आणि गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. त्यांच्या नावाने राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालले. आपले भांडे आपल्याबरोबर नेण्याची त्यांची साधी सवय मात्र त्यात मागेच राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि आपली कामे आपण करू लागली. आपले ताट आपण घासणे हा त्या शिक्षणाचा भाग होता. रयतच्या शाळा शिरूर-दौंडला परक्या नाहीत.

इतरांनी काय केले

केरळमध्ये २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी राज्याच्या शुचित्व मिशनने 'ग्रीन प्रोटोकॉल' आणला. फेकायच्या ताट-पेल्यांऐवजी धुऊन वापरायची भांडी, हे त्याचे मुख्य सूत्र. पुढे तो शाळकरी मुलांच्या राज्य कलोत्सवापर्यंत, देवळांच्या उत्सवांपर्यंत आणि इफ्तारच्या मेजवान्यांपर्यंत पोहोचला. बंगळूरूत शाळांना माध्यान्ह भोजन पुरवणाऱ्या अदम्य चेतना या संस्थेने 'प्लेट बँक' काढली आणि ती कार्यक्रमांना स्टीलची ताटे, वाट्या, पेले वापरायला देते. इंदूर महापालिकेने 'बर्तन बँक' सुरू केली. यात नवे तंत्रज्ञान काहीच नाही. आपली गावकीची भांडी तेवढी नव्या नावाने परत आली आहेत.

शिरूर-दौंडला यासाठी बाहेर पाहण्याचीही फारशी गरज नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, आणि गावाची गरज हाच धडा, हे तिथले सूत्र. त्यातून आलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक माध्यमिक शाळांत शिकवला जातो. भांडी वाळवण्याचा लोखंडी स्टँड, खरकटे वेगळे करण्याची चाळण, खताची टाकी हे सगळे त्या तासाला मुले करू शकतील अशा गोष्टी आहेत. शिरूर तालुक्यातल्याच वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने लोकसहभागाच्या बळावर देशभर नाव कमावले. लोक शाळेसाठी जमीन आणि पैसा देतात, तर ताटे का देणार नाहीत?

करायचे कसे?

शाळेने आपली भांडी जमवावी. तीनशे ताटांसाठी साठ कुटुंबांनी पाच-पाच ताटे दिली की झाले. वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याऐवजी एक ताट, एक पेला. आई-वडिलांच्या स्मरणार्थ एक डझन वाट्या. इस्लाममध्ये सदका-ए-जारिया म्हणून एक कल्पना आहे. ज्या दानाचा लोकांना होणारा उपयोग पुढेही चालू राहतो, ते दान. विहीर, झाड, शाळा ही त्याची नेहमीची उदाहरणे. शाळेच्या कपाटात पंधरा वर्षे वापरात राहणारे ताट त्यात सहज बसते. रमजानमध्ये जकात-सदक्याचा विचार घरोघरी होतच असतो. त्यात या छोट्या देणगीला जागा मिळावी. आणि हे दान मुस्लिमांपुरते ठेवायचे कारण नाही.

भांड्यांची नोंदवही ठेवावी. किती गेली, किती आली, हे मुलांनीच लिहावे. शाळेला नको असेल तेव्हा वस्तीतल्या कार्यक्रमांना अनामत घेऊन ती द्यावीत. हे काम एखाद्या महिला बचत गटाला दिले, तर त्यांना भाडे आणि धुलाईचे पैसे मिळतील. म्हणजे घासणे फुकटची वेठ राहणार नाही. कागदी ताटांवर दर कार्यक्रमाला जाणारा पैसा कष्ट करणाऱ्या बाईच्या हातात जाईल.

बाकी ठिकाणी आपले ताट आपण धुवावे, पाहुण्यांनीसुद्धा. सुरुवात मुख्याध्यापकांनी आणि प्रमुख पाहुण्यांनी केली, की मग कुणालाच कमीपणा वाटत नाही. कामाच्या पाळ्या लावताना मुलींना धुणे आणि मुलांना खुर्च्या उचलणे, अशी जुनी वाटणी करू नये.

पाण्यासाठी तीन टब पुरतात. आधी खरकटे बादलीत झाडून घ्यावे. यातच अर्धे काम होते. पहिल्या टबात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे, तिसऱ्यात स्वच्छ. ताट एकेक टबातून पुढे सरकते आणि शेवटी उन्हात पालथे पडते. नळ सोडून ठेवण्यापेक्षा पाणी कितीतरी कमी लागते. शेवटच्या टबातले पाणी परसबागेला जाते. पाण्याची फारच टंचाई असेल तिथे पत्रावळ आहेच.

शंकेवर उपाय नियमाचा. शाळेच्या ताटात फक्त शाकाहारी जेवण, असे एकदाच ठरवून भिंतीवर लिहावे. इफ्तारचे खजूर, केळी, कलिंगड, भजी आणि शरबत हे शाकाहारीच असते. नंतरच्या जेवणातही पुलाव आणि दालचा भाजीचा करता येतो. ज्यांना तरीही संकोच वाटतो, त्यांनी घरून ताट आणावे, आणि तेही मोकळेपणाने. निमंत्रणपत्रिकेवर 'आपले ताट, वाटी, पेला सोबत आणावा' ही एक ओळ छापली तरी निम्मे काम होते. शंका मनात ठेवून कागदी ताटात जेवण्यापेक्षा एकमेकांच्या पथ्याबद्दल सरळ बोलणे शेजाऱ्यांना अधिक जवळ आणते.

सगळे एकदम जमले नाही, तर चहाचे कप आणि पाण्याच्या बाटल्या यांपासून सुरुवात करावी. पिंप, त्याला तोटी आणि शेजारी स्टीलचे पेले एवढी सोय कोणत्याही शाळेत होते. बाटल्या बंद झाल्या की ढिगातला मोठा वाटा गेला. मग चमचे बंद करावेत. भात हाताने खाणाऱ्या समाजाला चमचा लागतोच असे नाही. ताटांची पाळी शेवटी येईल.

आणि अन्नाचेही पाहावे. मोठे कागदी ताट हातात दिले, की वाढपी ते भरून टाकतो आणि निम्मे ढिगात जाते. इस्लाममध्ये गरजेपेक्षा जास्त वापराला इस्राफ म्हणतात आणि तो निषिद्ध मानला आहे. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी भजी कचऱ्यात टाकणे, हे रोज्याच्या उद्देशाशी जुळत नाही. पंगतीत बसवून थोडे थोडे, मागेल तसे वाढणे ही आपली जुनी रीत याबाबतीत बुफेपेक्षा शहाणी होती.

यात कुणाचे नुकसानही होते. कागदी ताट-कप विकणारे छोटे दुकानदार आपल्याच गावातले आहेत. त्यांनी स्टीलची भांडी भाड्याने द्यावीत, पत्रावळी ठेवाव्यात. मागणी बदलली की दुकानातला माल बदलतो, हे थर्माकोलच्या वेळी सगळ्यांनी पाहिले आहे. शाळेने पैसा कशावर खर्च करायचा, हे शालेय व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरते. त्या बैठकीत पालक असतात. जूनमध्ये वर्ष सुरू होताना तिथे हा एक विषय मांडला, तर पुढच्या स्नेहसंमेलनापर्यंत ताटे जमू शकतात.

महिनाअखेरीस ईद येईल. शिरूर-दौंडच्या गल्ल्यांमधून शीरखुर्म्याचे डबे शेजारच्या घरांत जातील, स्टीलच्याच डब्यांतून. तो डबा रिकामा परत करायचा नाही, ही इकडची जुनी पद्धत. कुणी त्यात साखर घालते, कुणी गुढीपाडव्याला पुरणपोळी भरून पाठवते. शेजाऱ्याचा डबा घासून, भरून परत देणे ज्यांच्या अंगवळणी आहे, त्यांना शाळेचे ताट धुऊन मांडणीवर ठेवणे अवघड जाऊ नये.